कुठे थांबावे

चोपडापूजन आटोपले, कार्तिकी पौर्णिमा झाली, की आपल्या घरांत प्रवासाचे बेत सुरू होतात. चातुर्मासात एका जागी राहिलेले साधु-साध्वी विहाराला निघतात आणि दिवाळीची गर्दी ओसरल्यामुळे दुकानदार मंडळींनाही आठ-दहा दिवस मोकळे मिळतात. अलीकडे या बेतांत एक नवी भर पडली आहे. मुलुंड, घाटकोपर, बोरिवली, अंधेरीची आपली तरुण मुले यात्रा कंपनीच्या बसऐवजी मोटरसायकलवरून जाण्याचा हट्ट धरतात, आणि तेही देशाबाहेर. घरातील वडीलधाऱ्यांना याची धास्ती वाटते. ती धास्ती अनाठायी आहे असे मी म्हणणार नाही. परंतु भूतानच्या रस्त्यावर घालवलेल्या एका दिवसाने मला या विषयाकडे पाहण्याची वेगळी दृष्टी दिली. त्या दिवसाविषयी आज लिहीत आहे.

ही गोष्ट नोव्हेंबर २०१९ ची. आम्ही सहा जण होतो. घाटकोपरचे कापडाचे व्यापारी असलेले एक स्नेही वयाने सर्वांत मोठे, अठ्ठावन्न वर्षांचे. माझा पुतण्या सर्वांत लहान, तेवीस वर्षांचा, नुकताच पेढीवर बसू लागलेला. मोटरसायकली मुंबईहून रेल्वेच्या पार्सलने न्यू जलपायगुडीला पाठवल्या होत्या. पार्सलात देताना टाकीतील पेट्रोल पूर्ण काढून घेतात, त्यामुळे तिथे उतरल्यावर पहिली धावपळ बाटलीभर पेट्रोल मिळवण्याची. तेथून चहाच्या मळ्यांमधून सुमारे दीडशे किलोमीटर गेले की अलीपूरद्वार जिल्ह्यातील जयगाव लागते. जयगावच्या बाजारात एक रंगीत कमान आहे. कमानीच्या अलीकडे भारत, पलीकडे भूतानचे फुंटशोलिंग.

कमान ओलांडताच पहिला फरक कानांना जाणवतो. जयगावात आपल्या स्टेशनबाहेरच्या रस्त्यासारखाच कर्ण्यांचा कल्लोळ असतो. पलीकडे तो एकदम थांबतो. दुसरा फरक पायी चालणाऱ्यांकडे पाहिले की कळतो. माणसाने पांढऱ्या पट्ट्यांवर पाऊल ठेवले की मोटारी उभ्या राहतात. आमच्या पुढे एक म्हातारी रस्ता ओलांडत होती. ती मध्येच थांबून पिशवी सावरू लागली, तरी कोणी हॉर्न वाजवला नाही. वर्षानुवर्षे एलबीएस मार्गावर दुचाकी चालवलेल्या आमच्या हातांना त्या अर्ध्या मिनिटाचे फार ओझे वाटले. अनोळखी देशात गाडी चालवायची, तर सर्वप्रथम हाताची ही जुनी सवय सोडावी लागते.

भारतीय नागरिकाला भूतानसाठी व्हिसा लागत नाही. पारपत्र किंवा मतदार ओळखपत्र पुरते. मात्र फुंटशोलिंगच्या पुढे जाण्यासाठी परवाना घ्यावा लागतो. गाडीचा परवाना वेगळा. नोंदणीपत्र, विमा, प्रदूषण नियंत्रणाचा दाखला, वाहन परवाना, सगळे कागद मूळ प्रतींसह मांडावे लागतात. कचेरीतील कर्मचारी गुडघ्यापर्यंतचा ‘घो’ हा पारंपरिक पोशाख घालून शांतपणे एकेक कागद तपासत होते. सर्वांचे काम होईपर्यंत साडेअकरा वाजले. घड्याळे आम्ही आधीच पुढे केली होती, कारण भूतानची वेळ आपल्यापेक्षा अर्ध्या तासाने पुढे असते. हा अर्धा तास संध्याकाळी आमच्या फार उपयोगी पडला.

फुंटशोलिंग ते राजधानी थिंफू हे अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास. ऐकायला किरकोळ वाटते. परंतु फुंटशोलिंग समुद्रसपाटीपासून जेमतेम तीनशे मीटरवर आहे आणि थिंफू सुमारे दोन हजार तीनशे मीटरवर. बोरघाट चढून आपण लोणावळ्याला पोहोचतो, तेव्हा सहाशे वीस मीटरच्या आसपास असतो. यावरून त्या चढाची कल्पना यावी.

या रस्त्याचा इतिहासही जाणून घेण्यासारखा आहे. सप्टेंबर १९५८ मध्ये पंडित नेहरू इंदिराजींसह भूतानला गेले, तेव्हा त्या देशात मोटाररस्ता नव्हता. सिक्कीममधून नथू ला ओलांडून, तिबेटच्या चुंबी खोऱ्यातून, घोड्यांवर आणि याकांवर बसून ते पारोला पोहोचले. पुढे १९६१ मध्ये भारताच्या सीमा रस्ते संघटनेने ‘दंतक’ हा प्रकल्प सुरू केला आणि फुंटशोलिंगहून थिंफूकडे जाणारा हा रस्ता डोंगर फोडून तयार झाला. खेचरांच्या तांड्यांना काही दिवस लागत, ती वाट आज सहा तासांत सरते. वळणावळणावर दंतकच्या पिवळ्या पाट्या वेगाला आवर घालण्याचा उपदेश करतात.

रिनचेनडिंगच्या नाक्यावर परवाने दाखवून आम्ही चढाला लागलो. खाली बंगालचे सपाट मैदान आणि तोर्सा नदीचे पांढरे पात्र दिसत होते. तासाभरात ते धुक्याने गिळले. गेदू गाव जवळ आले, तेव्हा पुढच्या गाडीचा लाल दिवासुद्धा दिसेनासा झाला. मोटारीत काच वर करता येते, वायपर चालवता येतो. मोटरसायकलवर धुके शिरस्त्राणाच्या काचेवर जमते, हातमोज्यांत शिरते, बोटे बधिर करते. दर दोन मिनिटांनी डाव्या हाताने काच पुसायची आणि कडेच्या पांढऱ्या रेषेवर नजर ठेवून पुढे सरकायचे. तासाला पंधरा किलोमीटर हा आमचा वेग होता. मध्येच एक गाय रस्त्यात निवांत बसलेली दिसली. आमच्या पुढचा मालवाहू ट्रक थांबला, चालक खाली उतरला, त्याने गायीला हलकेच बाजूला केले आणि मगच तो पुढे गेला.

गेदूला जेवणासाठी थांबलो. भूतानचे आवडते जेवण म्हणजे ‘एमा दात्शी’, मिरच्या आणि चीज यांची भाजी, सोबत लाल तांदळाचा भात. तिकडे मिरची मसाल्यासारखी चिमूटभर घालत नाहीत. ती भाजीसारखी खातात. आमच्या डब्यांत खाखरे, थेपले, मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी होती. खाणावळीच्या मालकिणीला आम्ही कांदा, लसूण आणि बटाटा चालत नसल्याचे सांगितले. तिने थोडा विचार केला आणि नुसता वाफाळता लाल भात, लोणी आणि उकडलेली पालेभाजी पुढे ठेवली. हिंदी तिला चांगली येत होती. पैसे रुपयांत दिले, सुटे ‘ङुल्ट्रम’मध्ये मिळाले. भूतानचे हे चलन १९७४ पासून चालू आहे आणि त्याचे मूल्य आपल्या रुपयाबरोबर एकास एक बांधलेले आहे. व्यापारी माणसाला परक्या देशात हिशोबाची इतकी सोय क्वचितच मिळते.

गेदूनंतर धुके विरळ झाले आणि छुखाच्या खोऱ्यात ऊन पडले. येथे वांगछू नदीवर ३३६ मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प आहे. त्याच्या खर्चातील साठ टक्के भारताने अनुदान म्हणून आणि चाळीस टक्के कर्ज म्हणून दिले. १९८६ ते १९८८ या काळात तो सुरू झाला आणि त्याची बरीचशी वीज भारत विकत घेतो. पाणी त्यांचे, भांडवल आपले, वीज दोघांची. आमच्या घाटकोपरच्या स्नेह्यांनी गाडी बाजूला घेऊन हा व्यवहार पुतण्याला समजावून सांगितला. “पहिल्या दिवशी पैसा लावायचा, कर्ज मालातून फिटेल अशी सोय ठेवायची आणि गिऱ्हाईकही आपणच राहायचे,” असे त्यांचे शब्द होते. पेढीवर वर्षभर बसून जे डोक्यात शिरत नाही, ते रस्त्याच्या कडेला उभे राहून चहाच्या घोटाबरोबर शिरले.

साडेचारला आम्ही छुझोमला पोहोचलो. ‘छुझोम’ म्हणजे नद्यांचा संगम. पारोकडून येणारी पारोछू आणि थिंफूकडून येणारी वांगछू येथे एकमेकींना भेटतात. येथूनच पारो, हा, थिंफू आणि फुंटशोलिंग अशा चार वाटा फुटतात. संगमावर तीन छोर्तेन आहेत. छोर्तेन म्हणजे बौद्ध स्तूप. श्रद्धेने बांधलेला, पुष्कळदा दिवंगतांच्या स्मरणार्थ उभारलेला. हे तीन छोर्तेन तीन धाटणीचे आहेत: एक भूतानी, एक तिबेटी आणि एक नेपाळी. डोंगराच्या उतारावर उंच काठ्यांना लावलेली पांढरी निशाणे फडकत होती. ती मृतांसाठी लावतात आणि बहुधा त्यांची संख्या १०८ असते. हा आकडा आपल्याला परका नाही.

खरा प्रश्न येथे उभा राहिला. थिंफू तीस किलोमीटरवर होते. तिथल्या हॉटेलाचे तीन खोल्यांचे पैसे आगाऊ भरलेले होते आणि ते परत मिळणार नव्हते. घड्याळात साडेचार वाजले होते. मुंबईत त्या दिवसांत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. तिथे तो पाच वाजून दहा मिनिटांच्या आसपास मावळतो आणि दरीत तर त्याआधीच डोंगराआड जातो. आमच्यातील तिघांचा रात्रिभोजनत्याग होता. थिंफूला पोहोचून सूर्यास्तापूर्वी जेवण होणे अशक्य होते.

पुतण्या म्हणाला, “काका, तीस किलोमीटर म्हणजे मुलुंड ते मस्जिद बंदर. रस्ता चांगला आहे. एक दिवस उपास घडला तर काय झाले? तासाभरात गरम पाण्याने अंघोळ करून बसू.”

त्याचे म्हणणे गैर नव्हते. चौविहार पाळणाऱ्या तिघांनी उपास पत्करला असता, तर पैसेही वाचले असते. पण घाटकोपरच्या स्नेह्यांनी हातमोजे काढून बोटे दाखवली. ती अजून नीट वळत नव्हती. ते म्हणाले, “जेवणाचे सोड. सकाळपासून धुक्यात डोळे ताणले आहेत. अंधारात समोरून ट्रक आला की पांढरी रेष दिसणार नाही. पैसे बुडतील ते बुडतील. बुडालेले पैसे चोपडीत एका ओळीत लिहिता येतात.”

आम्ही थांबलो. नाक्यावरच्या शिपायाला विचारले. त्याने दीड किलोमीटरवरचे एक लहानसे घर दाखवले. तिथली एक बाई प्रवाशांना खोल्या भाड्याने देत असे.

वाचकहो, सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा आपला नियम प्रवासात अडचणीचा ठरतो, अशी तरुणांची तक्रार मी अनेकदा ऐकली आहे. मोटरसायकलवरून फिरणाऱ्याला तोच नियम सर्वांत मोठा आधार ठरतो, हे मी त्या संध्याकाळी पाहिले. सूर्यास्तापूर्वी जेवायचे म्हणजे त्याआधी अर्धा-पाऊण तास गाडी उभी करायची. दिवसभर थकलेले डोळे, गार पडलेली बोटे, अनोळखी वळणे आणि अंधार हे चारही एकत्र येण्याच्या आधीच दिवस संपवायचा. हिमालयातील जाणते मोटरसायकलस्वार नवख्यांना हेच सांगतात: अंधारात घाट चालवू नका. आपल्याला हे वेगळे शिकावे लागत नाही. घरातील मर्यादा सोबत नेली की झाले. श्रावकाच्या व्रतांमध्ये दिशांची मर्यादा सांगणारे दिग्व्रत आहे. इतक्याच अंतरापर्यंत जाईन, त्यापुढे जाणार नाही, असे आधी ठरवण्यामागे किती व्यवहारज्ञान आहे, हे घाटरस्त्यावर नीट उमगते.

त्या बाईंनी आमच्या गाड्या पाहिल्या. पाट्यांवरची एमएच ही अक्षरे वाचली. त्यांचा चेहरा किंचित बदलला. त्यांनी हिंदीत विचारले, “महाराष्ट्र? दोचुलावाले?”

या प्रश्नामागे महिनाभरापूर्वीची घटना होती. ऑक्टोबर २०१९ मध्ये महाराष्ट्रातून भूतानला गेलेल्या मोटरसायकलस्वारांच्या एका गटातील एक जण दोचुला खिंडीतील छोर्तेनवर चढून उभा राहिला आणि त्याने छायाचित्र काढून घेतले. ते छायाचित्र समाजमाध्यमांवर पसरले, भूतानमध्ये संताप उसळला आणि पोलिसांनी त्याला ताब्यात घेऊन चौकशी केली.

दोचुलाचे छोर्तेन कशासाठी आहेत, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. आसाम आणि उत्तर बंगालमधील उल्फा, एनडीएफबी आणि केएलओ या सशस्त्र संघटनांनी दक्षिण भूतानच्या जंगलांत तीस तळ उभारले होते. तेथून ते भारतात हल्ले करत. अनेक वर्षे समजावूनही ते हटले नाहीत. डिसेंबर २००३ मध्ये भूतानच्या लहानशा सैन्याने कारवाई करून ते तळ उद्ध्वस्त केले. तेव्हाचे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक स्वतः सैन्याबरोबर होते. त्या लढाईच्या स्मरणार्थ राजमाता आशी दोर्जी वांगमो वांगचुक यांनी दोचुला येथे १०८ छोर्तेन उभारले. आपल्या देशावर हल्ले करणाऱ्यांना हुसकावताना प्राण दिलेल्या परक्या सैनिकांचे ते स्मारक आहे. त्याच स्मारकावर आपल्याकडचा एक माणूस पाय देऊन उभा राहिला होता.

बाईंच्या प्रश्नावर क्षणभर कोणी काही बोलले नाही. “ते आम्ही नव्हे” असे म्हणणे सोपे होते आणि खरेही होते. पण व्यापारी माणसाला ठाऊक असते की बाजारात एकाने माप मारले, तर गिऱ्हाईक साऱ्या गल्लीवर संशय घेते. आपण दुसऱ्या दुकानाचे आहोत, एवढे सांगून ती पत परत येत नाही. ती आपल्या मापाने परत मिळवावी लागते.

उत्तर पुतण्याने दिले. तो म्हणाला, “माताजी, ते आम्ही नव्हतो, पण आमच्याच भागातले होते. तुम्हाला वाईट वाटले असेल. आम्हाला राहू द्यायचे की नाही, हे तुम्ही ठरवा.”

बाई काही बोलल्या नाहीत. त्या आत गेल्या. थोड्या वेळाने चुलीचा धूर दिसला. पाचच्या आत आमच्यासमोर भात, डाळ आणि मुळ्याची नसलेली, खास विचारून केलेली कोबीची भाजी आली. आम्ही जमिनीखालचे काही खात नाही, हे पुतण्याने त्यांना स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन समजावले होते. जेवण झाले, पाणी प्यायलो आणि डोंगरामागचा उजेड विझला. रात्री दरीतून ट्रकांचे आवाज येत राहिले. धुके पुन्हा खाली उतरले होते.

सकाळी पैसे देताना बाईंनी ठरलेल्यापेक्षा एक रुपया जास्त घेतला नाही. निघताना एवढेच म्हणाल्या, “दोचुलाला गेलात तर उजव्या बाजूला ठेवून फिरा.” म्हणजे छोर्तेन उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणा घाला. आपल्या मंदिरांतही प्रदक्षिणा याच दिशेने घालतात. दोन दिवसांनी थिंफूहून वेगळा परवाना काढून आम्ही तीन हजार मीटरहून उंच असलेल्या त्या खिंडीत गेलो. गाड्या खाली लावल्या, शिरस्त्राणे हातात घेतली आणि १०८ छोर्तेनांभोवती पायी फिरलो. पुतण्याने तिथे एकही छायाचित्र काढले नाही. तसे करण्यास त्याला कोणी सांगितले नव्हते.

मोटरसायकलवरून परदेशी गेलेल्या मुलांची आपण परतल्यावर चौकशी करतो ती किलोमीटरची: किती अंतर कापले, किती उंच गेलास, किती देश झाले. मला वाटते, त्यांना दुसरा प्रश्न विचारावा: कुठे कुठे थांबलास? नाक्यावर परवान्यासाठी, पट्ट्यांवर म्हातारीसाठी, धुक्यात गायीसाठी, संध्याकाळी अंधाराआधी आणि पवित्र जागेच्या पायथ्याशी, इतक्या ठिकाणी जो थांबला, त्याला परक्या देशातही कोणी दार बंद करत नाही. आणि असा मुलगा पेढीवरही कुठे उधारी थांबवावी, कुठे माल भरणे थांबवावे, हे लवकर शिकतो.

या वर्षी कोणाच्या घरी असा बेत शिजत असेल, तर काही व्यावहारिक गोष्टी सांगतो. भूतानमध्ये सप्टेंबर २०२२ पासून भारतीय पर्यटकांना माणशी दर रात्री १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क भरावे लागते. परवान्यांचे आणि बाहेरच्या वाहनांचे नियमही तेव्हापासून बदलले आहेत. निघण्यापूर्वी ताजी माहिती घ्यावी. गाडीचे सर्व कागद मूळ स्वरूपात आणि दोन प्रतींत ठेवावेत. विम्याची मुदत परतीच्या तारखेनंतरची असावी. दिवसाला दीडशे किलोमीटरांपेक्षा जास्त अंतर आखू नये. हॉटेल आगाऊ ठरवताना, एखाद्या रात्रीचे पैसे सोडावे लागले तरी चालेल, एवढी रक्कम अंदाजपत्रकात वेगळी काढून ठेवावी. आणि मुलाला निरोप देताना ‘सांभाळून चालव’ एवढ्यावर न थांबता वेळही ठरवून द्यावी: तिथल्या घड्याळाप्रमाणे साडेचार वाजता गाडी उभी असली पाहिजे.